पहिला डाव फुकट

[दृश्य: रेसकोर्सलगतची झाडी, रिमझिम पाऊस]

बेळगावात गोल्फ म्हटलं की लोकांना बिबट्या आठवतो. ऑगस्ट 2022. जाधव नगरात दिसलेला बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत शिरला. आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शिवमोग्ग्याच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणावे लागले, आणि तरीही तो हुलकावणी देत राहिला. त्याच्यावरचे विनोद अजून ऐकायला मिळतात. पण त्या मैदानावर माणसं नेमकं काय खेळतात, याची चौकशी तेव्हाही फारशी कुणी केली नाही. क्रिकेट, कुस्ती, फुटबॉल हे इथले खेळ. गोल्फ कॅम्पातल्या साहेबांचा.

आणि तरी टिळकवाडीच्या कट्ट्यावर, खानापूरच्या स्टँडवर, निपाणीच्या चहाच्या टपरीवर एखादा पोरगा असा भेटतो, जो मोबाईल पुढं करून सांगतो, "शेफलर लाव. आठ नंबरपर्यंत पैसे आहेत." शेफलर हा अमेरिकन गोल्फपटू. बर्डी म्हणजे काय, हे त्याला विचारलं तर तो हसतो. भाव विचारला तर तोंडपाठ.

[दृश्य: मोबाईलच्या पडद्यावर सरकणारी नावांची यादी]

गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या चार स्पर्धांना मेजर म्हणतात. द ओपन ही त्यातली सर्वांत जुनी. 1860 मध्ये स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला ती पहिल्यांदा झाली. जुलैच्या मध्यावर, म्हणजे आपल्याकडे खानापूर भागात भाताची लावण चाललेली असते तेव्हा, तिकडं समुद्रकाठच्या एखाद्या मैदानावर 156 खेळाडू उतरतात. चार दिवस, रोज 18 होल. दोन दिवसांनी पहिले 70 आणि त्यांच्या बरोबरीतले तेवढे राहतात, बाकीचे घरी. रविवारचा शेवटचा फटका पडतो तेव्हा इथं रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात. अमेरिकेतल्या मास्टर्सचं त्याहून अवघड. एप्रिलमधल्या त्या सोमवारी पहाटे चारनंतर निकाल लागतो. रात्रभर जागलेल्या पोरानं तिथून थेट दुधाच्या डेअरीवरच जायचं.

बुकींना हा खेळ आवडतो याचं कारण ती 156 नावं. क्रिकेटच्या सामन्यात बाजू दोन, त्यामुळं भावही बेताचा. इथं सगळ्यांचा लाडका खेळाडूसुद्धा चार-पाच पटीनं मिळतो, मधल्या फळीतले पन्नास पटीनं, आणि शेपटाकडचे काही तर पाचशे पटीनं. 2003 साली बेन कर्टिस नावाचा अमेरिकन खेळाडू आयुष्यातली पहिली मेजर खेळायला इंग्लंडात सँडविचला आला. जागतिक क्रमवारीत 396 वा. ओपन जिंकून गेला. तो एक कर्टिस बुकींना अजून किती पैसे मिळवून देतोय, कोण जाणे.

[दृश्य: जुन्या बाजारपेठेतली गल्ली, संध्याकाळ]

आकड्यांचा नाद सीमाभागाला नवा नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या दरांवर मुंबईत लागणारा सट्टा 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला आणि त्याची जागा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्यानं घेतली. ओपन, क्लोज, जोडी, पाना हे शब्द मग इकडच्या गावागावांत रुळले. कर्नाटकात त्याला ओसी, म्हणजे ओपन-क्लोज, म्हणतात. त्यावर गुन्हा लागतो तो कर्नाटक पोलीस कायदा 1963, कलम 78 खाली. पेपरातली बातमी तर ठरलेली: अमक्या गावात मटका घेणारा अटकेत, रोकड आणि चिठ्ठ्या जप्त.

मटका वाईटच. घरं त्यानं कमी बुडवली नाहीत. पण त्याचा हिशेब निदान उघडा होता. दहा आकडे, लागला तर नऊ पट. शंभर जोड्या, लागली तर नव्वद पट. म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी दहा खायवालाचे, म्हणजे डाव घेणाऱ्याचे, हे तिसरी शिकलेल्या माणसालाही कळायचं.

गोल्फमध्ये हाच हिशेब मांडायचा, तर प्रत्येक खेळाडूच्या भावाची टक्केवारी काढून (चारास एक भाव म्हणजे जिंकण्याची शक्यता वीस टक्के) 156 नावांची बेरीज करावी लागते. भाव खरे असतील तर ती शंभर यावी. बुकी ती वर नेतो, आणि नावं जितकी जास्त तितकी ती नजरेआड वर नेता येते. समजा बेरीज 140 झाली. मग सगळ्या नावांवर त्या-त्या प्रमाणात मिळून 140 रुपये लावले, तर कुणीही जिंकला तरी हातात शंभरच येतात. शंभरामागे साडेअठ्ठावीस रुपये बुकीचे. गल्लीतल्या खायवालानं एवढं कापलं असतं तर लोकांनी त्याला उभं केलं नसतं.

मग माणसं इथं येतात कशी? ऑफरमुळं. घरात होणारं बोलणं साधारण असं असतं.

"मामा, पहिला डाव फुकट आहे. हरलं तर कंपनीचं जातंय."

"आणि जिंकलं तर?"

"जिंकलं तर आपलं की!"

"सगळं?"

इथं भाचा अडखळतो. कारण सगळं नसतंच.

[दृश्य: कागदावर पेनानं मांडलेला हिशेब]

ही ऑफर मुळात ब्रिटनमधली. नव्या गिऱ्हाइकानं खातं उघडायचं, स्वतःचे दहा पौंड लावायचे, की तीस पौंडांच्या फ्री बेट, म्हणजे कंपनीच्या पैशानं लावायचे डाव, मिळतात. मेजर स्पर्धा जवळ आली की अशा ऑफरींचा सुकाळ होतो. अटी खाली बारीक अक्षरात. पहिले दहा पौंड ठरावीक भावाच्या वरच लागले पाहिजेत. फ्री बेट थोड्या दिवसांत, बहुतेक वेळा आठवड्याच्या आत, वापरली पाहिजे. आणि खरी मेख अशी की, फ्री बेट जिंकली तर फक्त नफा मिळतो, लावलेली रक्कम परत येत नाही.

एकास एक भावाला स्वतःचे दहा लावले आणि जिंकलं, तर हातात वीस येतात. फ्री बेटचे दहा लावले, तर दहाच. किंमत निम्म्यावर आली. भाव तीसास एक असेल तर 310 ऐवजी 300 मिळतात. फरक जाणवतही नाही. त्यामुळं फ्री बेट हातात आलेला माणूस आपोआप मोठ्या भावाकडं, म्हणजे क्वचितच जिंकणाऱ्या नावांकडं वळतो. गोल्फच्या यादीत अशी नावं शंभरावर आहेत.

तिकडच्या काही हिशेबी लोकांनी यावर तोड काढली. फ्री बेटनं बुकीकडं एक खेळाडू लावायचा आणि तोच खेळाडू बेटिंग एक्स्चेंजवर, म्हणजे लोक एकमेकांशीच पैज लावतात तिथं, खायचा, म्हणजे तो हरेल अशी पैज घ्यायची. कुणीही जिंको, तीसच्या फ्री बेटमधून वीस-बावीस पौंड सुटतात. क्रिकेटच्या सट्ट्यात लावणं-खाणं केलेल्या इथल्या कुणालाही ही युक्ती दोन मिनिटांत समजेल. अडचण एवढीच की बुकीलाही समजते. असं गिऱ्हाईक हेरून त्याचं खातं आवळलं जातं. पुढच्या ऑफर बंद, आणि एका वेळी लावायची मुभा दोन-चार पौंडांची. ज्याला हिशेब येतो तो त्यांना नकोच असतो.

आता ते "आठ नंबरपर्यंत पैसे". याला ईच-वे म्हणतात. दहा पौंडांचे दोन भाग: पाच जिंकण्यावर, पाच पहिल्या आठांत येण्यावर. दुसऱ्या भागाला मूळ भावाचा पाचवा हिस्सा मिळतो, काही ठिकाणी चौथा. पन्नास पटीच्या खेळाडूवर लावलं आणि तो आठांत आला, तर दहास एक भावानं पाचाचे 55 झाले. इथपर्यंत पोरं बरोबर सांगतात. पण गोल्फमध्ये बरोबरी पाचवीला पुजलेली. 2023 च्या ओपनमध्ये आपला शुभंकर शर्मा आठवा आला तोही बरोबरीतच. समजा आठव्या एकाच जागेवर चौघे आले. मग तुमच्या पाच पौंडांतला चौथा हिस्साच, सव्वा पौंड, धरला जातो. 55 ची वाट बघत बसलेल्याला 13.75 मिळतात. हा नियम जाहिरातीच्या मोठ्या अक्षरांत मला कधी दिसलेला नाही.

एवढं करूनही ती ऑफर तिथल्या रहिवाशांसाठी. इथून फोनमध्ये ठिकाण बदलून खातं उघडलं, तरी पैसे काढताना ओळखपत्र आणि पत्ता मागतात आणि मामला तिथंच संपतो.

[दृश्य: व्हॉट्सअॅपच्या संदेशांची रांग]

मग बेळगावात पोचतं ते काय? त्या ऑफरची नक्कल. व्हॉट्सअॅपवर किंवा टेलिग्रामवर मेसेज येतो, कधी हिंदीतून, कधी कन्नडमधून, कधी मोडक्यातोडक्या मराठीतून: आयडी (सट्ट्याच्या साइटवरचं खातं) घ्या, पहिल्या डिपॉझिटवर शंभर टक्के बोनस. कंपनी कुठली ते कळत नाही. परवाना असलाच तर समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी बेटाचा. पैसे यूपीआयनं पाठवायचे, आणि ज्या खात्यात पाठवायचे त्याचं नाव दर वेळी वेगळं.

हजार भरले, हजार बोनस मिळाला, पडद्यावर दोन हजार पॉइंट दिसायला लागले. खूश. आता अट अशी असते की दोन्ही रकमेच्या पंधरा पट उलाढाल झाल्याशिवाय विड्रॉल नाही. दोन हजारांचे तीस हजार. मटक्याइतका, शंभरामागे दहाचाच तोटा धरला, तरी तीस हजार फिरवताना सरासरी तीन हजार जातात. हजाराच्या बोनससाठी. ब्रिटनच्या जुगार आयोगानंसुद्धा या पटीला 19 जानेवारी 2026 पासून दहाची मर्यादा घातली. व्हॉट्सअॅपवरच्या आयडीवाल्याला कसला आयोग?

आणि एवढ्यातूनही कुणी जिंकलाच, तर शेवटचा फास असतो टॅक्सचा. "तुमचे ऐंशी हजार तयार आहेत, आधी तीस टक्के टॅक्स भरा." ऑनलाइन खेळातल्या कमाईवर 30 टक्के टीडीएसचा नियम खराच आहे, म्हणून माणूस फसतो. पण टीडीएस जिंकलेल्या रकमेतूनच कापला जातो. तो आधी खिशातून भरायला सांगणारा चोर असतो.

कायद्याचं थोडक्यात. कर्नाटकानं 2021 मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. 14 फेब्रुवारी 2022 रोजी उच्च न्यायालयानं त्यातल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या. मग केंद्राचा कायदा आला. त्यावर 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही; जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं, पन्नास लाख. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्यात ठेवलेलाच नाही. चार दिवसांत मोठमोठ्या फँटसी कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आयडीवाले तेवढे राहिले, कारण ते आधीही कुठल्या कायद्यात बसत नव्हते.

ज्यांना जुगारच खेळायचा आहे ते चोर्ला घाट उतरून पणजीला जातात. मांडवीतल्या कॅसिनोंना गोव्याचा परवाना आहे. तिथं निदान समोर माणूस दिसतो, आणि खिसा रिकामा झाला की परतीच्या गाडीचा विचार करावा लागतो.

[दृश्य: बँकेबाहेरची रांग, पासबुकं]

नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे आयडीवाले आवर्जून सांगतात. खरं आहे. पण पैसे ज्या खात्यांतून फिरतात ती खाती कुणाची, हे ते सांगत नाहीत. ती कॉलेजच्या पोरांची असतात, हमालांची असतात, कधी एखाद्या शेतकऱ्याची, ज्याच्या मुलानं बापाचं पासबुक, एटीएम आणि सिम महिन्याच्या भाड्यावर कुणाच्या तरी हातात दिलेलं असतं. पोरगा स्वतः कधी एक रुपयाही लावत नाही. त्याच्या लेखी ती नुसती वरकमाई.

मग दूरच्या कुठल्या तरी राज्यात एक तक्रार दाखल होते आणि इथलं खातं गोठतं. उसाचं बिल त्यातच, पीक कर्ज त्यातच, आईच्या नावावरून वळवलेले घरखर्चाचे पैसेही त्यातच. बँकेतले साहेब कन्नडमधून विचारतात, फोनवरचा पोलीस हिंदीतून विचारतो, हे पैसे कुणाचे? बाप म्हणतो, मला गोल्फ काय ते ठाऊक नाही.

ज्याचे पैसे गेले त्यानं लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. ज्याच्या खात्यातून ते गेले, त्याला मात्र वकील बघावा लागतो.