फक्त टपालखर्च भरा

(इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या एका वसंत मेळाव्यात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून.)

मंडळी, शनिवारचं वर्तमानपत्र उघडलं की पुरवणीत ते पान असतंच. टोपलीतून ओसंडणारी फुलं, वर मोठ्या अक्षरांत ‘७२ रोपं फुकट’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘फक्त टपालखर्च भरा’. आपल्याकडे म्हणतातच, फुकट ते पौष्टिक. मीही भरला. ७ पौंड ९५ पेनी. भागाकार लगेच केला, रोपामागे ११ पेनी. नारायणगावच्या बाईला याहून काय हवं?

नारायणगाव म्हटलं, कारण टोमॅटोच्या रोपांच्या धंद्यातच माझं लहानपण गेलं. तिथे शेतकरी नर्सरीत येतो, ट्रेमधलं एक रोप चिमटीत धरून अलगद उपसतो आणि मुळं बघतो. मुळं पांढरीशुभ्र आणि कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, गड्डा न फुटता बाहेर आला, तरच पुढची बोलणी. तपकिरी मुळं दिसली की तो चहासुद्धा न घेता निघतो. मी तेच सगळं विसरून एका फोटोवर पैसे भरले. आणि फोटो कशाचा? ऑगस्टमधल्या पूर्ण वाढलेल्या झाडांचा. एप्रिलमध्ये माझ्या घरी जे येणार होतं, त्याचा फोटो त्या पानावर कुठेच नव्हता.

खोकं आलं ते ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर. म्हणजे ते चार दिवस कुठल्यातरी गोदामात, अंधारात. उघडलं तर आत प्लॅस्टिकचा ट्रे आणि प्रत्येक कप्प्यात करंगळीच्या पेराएवढी माती. तिच्यावर बेगोनिया या फुलझाडाची दोन-तीन पानं. याला इथे प्लग म्हणतात. नऊ रोपं चेपून पिवळी पडली होती. बाकीची ६३ जिवंत होती, हे मान्य करायला हवं. बेगोनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. ते ऐन थंडीत ऊब देऊन रुजवायचं, म्हणजे घरी बहुतेकांना जमत नाही. त्यामुळे तो पहिला अवघड टप्पा नर्सरीने उरकून दिला, ही खरी सेवाच आहे. मात्र पुढचे सहा आठवडे तिने माझ्या पदरात टाकले होते, आणि त्याची किंमत जाहिरातीत नव्हती.

ती सांगते. प्लग तसाच बागेत लावता येत नाही. त्याला आधी नऊ सेंटीमीटरच्या कुंडीत हलवायचं. अशा एका कुंडीला साधारण तिसरा हिस्सा लिटर कंपोस्ट लागतं, म्हणजे सगळ्यांना वीस-पंचवीस लिटर. मी पिशवी आणली आठ पौंडांची. कुंड्या जुन्या होत्या, त्या धरत नाही. आता जागा. माझ्या पुढच्या खोलीची खिडकीची पट्टी एक मीटर लांब आणि वीस सेंटीमीटर रुंद. तिच्यावर अकराच्या दोन रांगा बसतात, बावीस कुंड्या. राहिल्या एकेचाळीस. त्या स्वयंपाकघरात, जिन्यात, न्हाणीघरात. उत्तरेच्या खोलीतली रोपं उजेडासाठी माना ताणून अशी लांबुडकी झाली, की आमच्या घरातून विचारणा आली, “ही बेगोनिया आहे की मोड आलेली मटकी?”

बाहेर ठेवायची सोयच नाही. आम्ही राहतो लेस्टरला. मेचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत रात्रीच्या दवाचा, म्हणजे गोठवणाऱ्या दवाचा, भरवसा धरता येत नाही. जाहिरातवाले एप्रिलमध्ये पाठवतात, कारण त्यांना ट्रे रिकामा करायचा असतो. शेवटचे आठ-दहा दिवस रोपं सकाळी बाहेर काढायची, संध्याकाळी आत घ्यायची. आपले नर्सरीवाले याला सरळ ‘हार्डनिंग’च म्हणतात. त्रेसष्ट कुंड्या, दिवसातून दोनदा. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत.

शेवटी लावण्याजोगी उरली ४१. खर्च झाला टपालाचे आठ आणि कंपोस्टचे आठ, सोळा पौंड. म्हणजे रोप पडलं ३९ पेनीला. मेमध्ये आमच्या बाजारात सहा रोपांचा तयार ट्रे चार पौंडांना मिळतो, म्हणजे रोप ६७ पेनीला. तेव्हा जाहिरात स्वस्तच ठरली, बरोबर? मीही तसंच समजले होते. मग आठवलं की मला टोपल्यांसाठी लागणार होती फक्त २४. बाजारातून चार ट्रे आणले असते तर? सोळा पौंड. अगदी तेवढेच. उरलेली सतरा रोपं मी कुठेकुठे खुपसली ते विचारू नका. शेजारच्या आजोबांना चार दिली. ते अजून आभार मानतात, आणि मला अजून संकोच वाटतो.

आता ‘फुकट’ या शब्दाविषयी. ब्रिटनमध्ये जाहिरातींची नियमावली आहे. फुकट म्हटलेल्या वस्तूवर पोहोचवण्याचा खरा खर्च घेता येतो. बांधाबांध, हाताळणी, कार्यालयीन खर्च असल्या नावाखाली मात्र पैसे लावता येत नाहीत. म्हणून जाहिरातीत ‘टपालखर्च’ हाच शब्द मोजूनमापून आलेला दिसतो. अधूनमधून वेगळा शब्द दिसला तर थांबून वाचावं. कायद्याचं आणखी एक. दुरून मागवलेली वस्तू १४ दिवसांत मन बदललं म्हणून परत करता येते, पण लवकर खराब होणाऱ्या मालाला ती सवलत नाही, आणि रोपांच्या बाबतीत विक्रेते सहसा हेच कलम दाखवतात. मेलेलं रोप आलं तर गोष्ट वेगळी. तिथे २०१५चा ग्राहक हक्क कायदा आपल्या बाजूने आहे. खोकं उघडल्या उघडल्या फोटो काढा. आठवड्याने काढलेल्या फोटोत दोष रोपाचा की पाणी घालणाऱ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग सगळ्याच जाहिराती टाकाऊ का? मुळीच नाही. मी स्वतः अजून मागवते, पण उघड्या मुळांचा माल. गुलाब, रासबेरी, कुंपणाची झाडं नोव्हेंबर ते मार्चमध्ये पानं गाळून झोपलेली असतात. माती झटकून नुसती मुळं गुंडाळून पाठवली तरी त्यांचं काही बिघडत नाही, आणि आपण मातीच्या वजनाचं टपाल भरत नाही. पिओनीच्या मुळ्या मी अशाच घेतल्या. खोक्यात बघाल तर वाळक्या रताळ्यासारख्या. पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी जास्त पानं, तिसऱ्या वर्षी फुलं, ताटलीएवढी. ट्युलिपचे, डॅफोडिलचे कंदही डोळे झाकून घ्यावेत. कंद म्हणजे स्वतःचा डबा बरोबर घेऊन निघालेला प्रवासी, गोदामात चार दिवस अडकला तरी उपाशी राहत नाही.

विस्टेरिया मात्र जपून. निळ्या-जांभळ्या घोसांचा तो वेल भिंतभर फुललेला दाखवतात. इथे आपल्याला एक प्रश्न उपजत सुचायला हवा, कलमी आहे की बियांचं? कोयीचा आंबा आणि कलमी आंबा यातला फरक कोकणातल्या पोराला सांगावा लागत नाही. बियांपासूनच्या विस्टेरियाला पहिलं फूल यायला दहा-पंधरा वर्षंही लागतात, कलमी तीन-चार वर्षांत फुलतो. जाहिरातीत ‘कलमी’ लिहिलं नसेल तर नाही असंच धरावं. ‘चढणारी स्ट्रॉबेरी’ही तशीच. स्ट्रॉबेरी चढत नाही हो. ती धुमारे सोडते, आणि ते आपणच काठीला बांधायचे.

‘झटपट कुंपण’ म्हणून लेलँडी हे सदाहरित झाड कुणी घेणार असेल तर एकच सांगते. ती वर्षाला जवळजवळ मीटरभर वाढते आणि थांबत नाही. शेजाऱ्यांची भांडणं इतकी विकोपाला गेली की २००३च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्यात दोन मीटरवरच्या सदाहरित कुंपणांसाठी स्वतंत्र भाग घालावा लागला. स्वस्तातलं रोप आणि वर कौन्सिलची नोटीस.

मागून कुणीतरी विचारताहेत, हरितगृह असेल तर? असेल तर प्लग जरूर घ्या. ज्यांना शंभर रोपं खरंच लागतात, मेपर्यंत ठेवायला उजेडाची जागा आहे आणि एप्रिलमध्ये भारतात जायचं नाही, त्यांच्यासाठी सौदा चांगलाच आहे. एप्रिलमध्ये भारतात जायचं नाही असे इथे किती जण? हं, तीन हात.

गेल्या शनिवारचं ते पान मी आणलंय. चहाच्या टेबलावर ठेवते, रोपांची संख्या, आकार आणि महिना तेवढा शोधून दाखवा. शेजारी भिंग आहे, तळटीप वाचायला. पान घरी न्या हवं तर, भिंग मात्र परत करा.