मजकूर राहिला, चित्रं गेली: हेजडॉक कंटेनरमध्ये चालवताना

नमस्कार मंडळी. मी एकदा माझं हेजडॉक नव्या आवृत्तीवर नेलं. पाच मिनिटांचं काम. पान उघडलं तर मजकूर जागच्या जागी, पण प्रत्येक चित्राच्या ठिकाणी नुसता तुटका चौकोन. सगळे स्क्रीनशॉट गेलेले. चूक माझीच होती, आणि आज सुरुवात तिथूनच करू.

आधी ओळख. हेजडॉकमध्ये अनेक जण एकच नोट एकाच वेळी ब्राउझरमधून लिहितात. एका बाजूला मार्कडाउन, म्हणजे साध्या खुणा घालून लिहिलेला मजकूर, दुसऱ्या बाजूला तयार दिसणारं पान. याचं मूळ हॅकएमडीत, मग नाव झालं कोडीएमडी, आणि २०२० पासून हेजडॉक. म्हणून सेटिंगच्या नावांपुढे अजून 'सीएमडी' लागतं. नाव बदललं, पण पाटी काढायची राहिली!

(स्क्रीनवर: कंपोज फाइल)

ही बघा कंपोज फाइल, कोणते कंटेनर कसे चालवायचे ते डॉकरला सांगणारी. कंटेनर म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एका वेगळ्या डब्यात, आणि डॉकर हे डबे चालवतो. दोन कंटेनर आहेत. एक ॲप, पोर्ट ३०००. दुसरा पोस्टग्रेस डेटाबेस. आता नीट ऐका. कंटेनर चालू असताना त्याच्या आत जे लिहिलं जातं, ते त्या कंटेनरबरोबरच जातं. नवी इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा, घेतली की डॉकर जुना कंटेनर काढून नवा उभा करतो, दुरुस्त करत बसत नाही. त्यामुळे जे टिकायला हवं, ते व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरच्या बाहेर ठेवायचं.

नोटांचा मजकूर डेटाबेसमध्ये असतो. त्याला मी व्हॉल्यूम दिला होता. पण चित्रं डेटाबेसमध्ये जातच नाहीत! ती ॲपच्या कंटेनरमध्ये, पब्लिकच्या आत अपलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये पडतात. त्या फोल्डरला मी व्हॉल्यूम दिलाच नव्हता. म्हणजे व्हॉल्यूम दोन हवेत. आणि कंटेनर बंद करून काढणाऱ्या 'डाउन' कमांडला 'व्ही' जोडायचा मोह झाला तर हात आवरा, ती कमांड नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसते.

डेटाबेसचा पासवर्ड फाइलमध्ये बदलून काही होत नाही, हेही इथेच सांगतो. तो पासवर्ड पोस्टग्रेस फक्त पहिल्यांदा, रिकाम्या फोल्डरवर उभा राहताना वाचतो. नंतर बदलायचा तर डेटाबेसच्या आत जाऊन बदलावा लागतो. यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

आता डोमेन. पान उघडलं, पण रंगरूप काहीच नाही, नुसता मजकूर, तर बहुतेक वेळा 'सीएमडी डोमेन' या सेटिंगमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यात, चूक असते. पुढे एचटीटीपीएस असेल तर 'प्रोटोकॉल यूज एसएसएल' हे सेटिंग चालू करा. पण त्याने प्रमाणपत्र मिळत नाही हं. ॲपला फक्त कळतं की बाहेरचा पत्ता सुरक्षित आहे. प्रमाणपत्राचं काम समोरच्या प्रॉक्सीचं, म्हणजे बाहेरून आलेली मागणी ॲपकडे पोचवणाऱ्या सर्व्हरचं.

आणि त्या प्रॉक्सीपाशीच जास्त लोक अडतात. का, ते बघा. समजा मी पाचव्या अक्षरानंतर एक शब्द घातला, आणि त्याच क्षणी तुम्ही दहावं अक्षर खोडलं. माझ्या शब्दामुळे तुमचं दहावं अक्षर आता पुढे सरकलंय. तुमचा बदल आहे तसा लावला तर भलतंच अक्षर खोडलं जाईल. म्हणून त्याची जागा आधी सरकवायची आणि मग तो लावायचा. याला ऑपरेशनल ट्रान्सफॉर्मेशन म्हणतात, कल्पना १९८९ ची आहे. पण असे बारीक बदल सतत ये-जा करायचे तर वेबसॉकेटची, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात उघडी राहणारी, जोडणी अखंड हवी. एन्जिनएक्स हा प्रॉक्सी ती आपणहून पुढे सोडत नाही, 'अपग्रेड' आणि 'कनेक्शन' हे हेडर तुम्हाला लिहावे लागतात. कॅडी हा दुसरा प्रॉक्सी ते स्वतःच करतो. नवीन असाल तर मी सरळ कॅडी घ्या म्हणेन.

(स्क्रीनवर: पोर्टची ओळ)

ही ओळ वरवर साधी दिसते. नुसतं ३०००:३००० लिहिलं तर डॉकर ते पोर्ट सगळ्या जगाला उघडतो, तुमच्या यूएफडब्ल्यू फायरवॉलला वळसा घालून. प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर पुढे १२७.०.०.१, म्हणजे त्याच मशीनचा आतला पत्ता, लावा. शिवाय सुरुवातीला अनोळखी पाहुण्यांना नोट लिहिता येते आणि ईमेलने कुणालाही खातं उघडता येतं. आपल्यापुरतं हवं असेल तर तुमची खाती झाल्यावर दोन्ही बंद करा. सेशन सीक्रेट, म्हणजे लॉगिन ओळखायची गुप्त किल्ली, हीही स्वतः ठरवून द्या, नाहीतर ॲप पुन्हा सुरू झालं की सगळे लॉगआउट.

इमेजपुढे 'लेटेस्ट' लिहू नका. पोस्टग्रेसच्या आवृत्तीचा मुख्य आकडा वाढला की नवा डेटाबेस जुना डेटा फोल्डर उघडायला नकार देतो. घाबरू नका, डेटा गेलेला नसतो. जुना आकडा परत लिहा, पीजी डंप, म्हणजे डेटाबेसची एका फाइलमधली प्रत, काढा, आणि तो नव्यात चढवा.

बॅकअपही तसाच: पीजी डंप, सोबत अपलोड्सचा फोल्डर. चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करू नका, त्या अर्धवट लिहिलेल्या असू शकतात.

आता मी दुसऱ्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या पोर्टवर, रिकाम्या व्हॉल्यूमवर हा बॅकअप चढवतो. झालं. मुद्दाम तीच नोट उघडतो, जिच्यात मी स्क्रीनशॉट नंतर पुन्हा टाकले होते.

(स्क्रीनवर: नोट उघडते, चित्रं दिसतात)

आली. सगळी आली.