विणलेले दाखवताना

श्रोतेहो, नमस्कार.

हाताने विणलेली वस्तू पुरी झाली की ती कुणाला तरी दाखवावीशी वाटते, आणि पाहणारी माणसेही त्याच कामात मुरलेली असली तर त्या दाखवण्याला निराळाच अर्थ येतो. ठाण्यात आणि नवी मुंबईत लोकर, सूत, सुया, क्रोशे आणि मेजावर मावणारे छोटे हातमाग यांत रमलेल्या मैत्रिणींचे, आणि आता काही मित्रांचेही, गट जमतात. नौपाड्यातले एखादे घर असो की घणसोलीतल्या एखाद्या सोसायटीचे सभागृह, ठाणे-वाशी लोकलमुळे खाडीच्या दोन्ही तीरांवरची माणसे पिशवीत अर्धे विणकाम घेऊन एकमेकांकडे पोहोचतात. अशा बैठकीत आपण एकमेकांना काय दाखवतो आणि कसे दाखवतो, याविषयी आज मला बोलायचे आहे. विणलेली वस्तू उलटून दाखवावी आणि तिच्या नोंदीसह दाखवावी, असा माझा आग्रह आहे.

पैठणी पारखणारी बाई आधी पदर उलटून पाहते. येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावर पदरातले मोर, कमळे आणि वेली विणताना प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागीच फिरवून शेजारच्या रंगात अडकवलेला असतो, आणि म्हणून तो पदर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. यंत्रावर काढलेल्या नकलेच्या मागे मात्र मोकळ्या सुटलेल्या धाग्यांचे जंजाळ असते. ही पारख आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, तरीही स्वतःचा स्वेटर किंवा स्टोल मैत्रिणीपुढे धरताना आपण सुलटी बाजूच वर ठेवतो, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

दोन रंगांत विणलेल्या स्वेटरची मागची बाजू पाहिली की विणणारीने न वापरलेला रंग मागून कसा नेला, तो किती टाक्यांनंतर गुंतवला, ओढून धरला की सैल सोडला, हे सगळे वाचता येते. तो धागा फार ओढला गेला तर पुढून वीण आवळून सुरकुतते. फार लांब मोकळा राहिला तर बाळाच्या झबल्यात बाळाची बोटे अडकतात. गुंडा बदलताना धाग्याची टोके कुठे लपवली आणि शिवणीचे टाके कसे घातले, तेही मागेच कळते. हातमागावरच्या कापडातही तसेच आहे. तुटलेला ताणा, म्हणजे उभा धागा, कुठे सांधला, काठावर बाणा, म्हणजे आडवा धागा, किती ओढला, तो ठोकून बसवणारी फणी कुठे जोरात बसली आणि कुठे हलकी, हे कापडाच्या मागच्या बाजूने आणि काठांवरून बोट फिरवले की समजते. ज्या मैत्रिणीला तीच वस्तू करायची आहे तिला छायाचित्रापेक्षा ही तपासणी कितीतरी अधिक शिकवते.

आता नोंदीचे. ‘किती टाके घातलेस?’ हा आपल्या बैठकीतला पहिला प्रश्न असतो, परंतु नुसत्या टाक्यांच्या उत्तराने काम होत नाही, कारण प्रत्येकीच्या हाताचा ताण वेगळा असतो. तीच लोकर, त्याच सुया, तरीही एकीच्या हाताने दहा सेंटीमीटरमध्ये २२ टाके बसतात आणि दुसरीच्या हाताने २०. घेराला २०० टाके घातले तर पहिलीचा स्वेटर जेमतेम ९१ सेंटीमीटरचा होतो आणि दुसरीचा १०० सेंटीमीटरचा. म्हणून स्वेटरबरोबर त्याच लोकरीचा आणि त्याच सुयांनी विणलेला नमुन्याचा छोटा चौकोनही आणावा, तो धुऊन वाळवलेला असावा, आणि मोजणी काठाचे टाके सोडून मधल्या भागात केलेली असावी.

सुयांच्या नंबरांविषयी तर विशेष काळजी घ्यावी लागते. आपल्या दुकानांतून मिळणाऱ्या सुयांवर बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर असतात, ज्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची ३.२५ मिलिमीटरची. अमेरिकन पद्धतीत नेमके उलटे आहे. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची आणि १० नंबरची ६ मिलिमीटरची. मुलगी किंवा भाची परदेशातून सुया आणि कृती पाठवते, इकडे मैत्रीण नंबर वाचून आपल्या डब्यातली सुई उचलते, आणि टोपी बाळाऐवजी बाहुलीच्या मापाची होते. नोंदीत सुईची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिली की हा घोटाळा उरत नाही. गुंड्यावरचा कागदही फेकू नये, कारण त्यावर धाग्याची जात, वजन आणि रंगाच्या घाण्याचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा, क्रमांक असतो. त्याच रंगाची पण वेगळ्या घाण्याची लोकर बाहीत किंचित वेगळी दिसते, आणि ते उन्हात गेल्यावरच लक्षात येते.

माग वापरणाऱ्यांनी इंचात ताण्याचे किती धागे होते, ताणा किती लांब घेतला आणि कापड धुतल्यावर किती उरले, ते जरूर लिहावे. बांधण्यात आणि शेवटी कापून टाकण्यात छोट्या मागावरही साधारण अर्धा मीटर ताणा जातो. नवशिक्या माणसाला हे आधी कुणी सांगितले नाही, तर त्याचा पहिला मफलर आखूड ठरलेलाच.

आपल्या हवेचाही या नोंदीत वाटा असतो. सुती धागा ओलावा घेतला की अधिक बळकट होतो, त्यामुळे दमट दिवसांत सुती ताणा सहसा कमी तुटतो. लोकरीचे उलटे आहे. ओली लोकर दुबळी होते आणि स्वतःच्या वजनाने ओघळते. म्हणून धुतलेला लोकरी स्वेटर दोरीवर टांगू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावे, मापात आणून आडवा पसरावा आणि पंख्याखाली वाळू द्यावा. श्रावणात घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या बंद खिडक्यांच्या घरात त्याला किती वेळ लागतो, हे तिथे राहणारी मैत्रीणच खरे सांगू शकते.

ज्या गावात थंडी नावापुरतीच पडते तिथे लोकरीचे एवढे प्रेम कसे, असे कुणी विचारेल. ठाण्याचा कापडाशी संबंध जुना आहे. मार्को पोलोने तेराव्या शतकात ठाण्याच्या बंदरातून सुती कापड परदेशी जात असल्याचे लिहून ठेवले आहे. भिवंडीचे यंत्रमाग आजही याच जिल्ह्यात खडखडतात. आणि रेमंडची लोकरी कापडाची गिरणी १९२५ पासून कित्येक दशके ठाण्यातच चालली. मी या इतिहासाचा अभिमान बाळगते, पण त्यातला हाताने काम करणाऱ्यांचा भाग लिहून ठेवलेला फार थोडा सापडतो, याची मला खंतही वाटते.

घोंगडीचे उदाहरण घ्या. धनगरांनी कातरलेल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचे सूत, चिंचोक्याची खळ, खड्ड्यातला माग आणि सणगर विणकराचा हात यांतून ती तयार होते. खळ किती दाट असावी, ती ब्रशाने ताण्यावर किती वेळा फिरवावी, हे त्या हाताला माहीत असते. असे हात आता कमी होत चालले आहेत, आणि जे लिहिले गेले नाही ते त्यांच्याबरोबर जाते. आपल्या आज्यांच्या कुंच्यांचेही हेच झाले. ट्रंकेत कुंची सापडते, पण तिचा गोल माथा कसा घातला ते सांगणारे कुणी नसते. मग चार जणी डोके लावून टाके मोजतात आणि कृती पुन्हा उभी करतात. मला बैठकीतले ते तास सर्वांत मोलाचे वाटतात.

कृती देण्याघेण्यात एक पथ्य पाळावे. साधी वीण, जाळी, वेणी, उलट-सुलट टाक्यांचे काठ यांवर कुणाचा हक्क नाही, ते सर्वांचेच आहे. परंतु कुणी मेहनतीने लिहून, मापे बसवून विकायला ठेवलेली कृती छापून गटात वाटणे मला मान्य नाही. ज्याची कृती त्याचे नाव सांगावे, आणि आपण त्यात काय बदलले तेही सांगावे. याचप्रमाणे, पाहणाऱ्यांनी ‘छान’ म्हणून वस्तू पुढे सरकवू नये. विणणारीने विचारले तर गळा का ताणला जातो, बाही कुठे कमी करायला हवी होती, ते स्पष्ट सांगावे. तिने विचारले नसेल, आणि ती वस्तू उद्या बारशाला द्यायची असेल, तर गप्प राहावे.

एकत्र मिळून एकच वस्तू करायची तर या सगळ्याची खरी कसोटी लागते. २०१६ मध्ये चेन्नईत मदर इंडिया क्रोशे क्वीन्स या गटाने ११,१४८.५ चौरस मीटरचे क्रोशाचे ब्लँकेट जोडून जागतिक विक्रम केला. आपण एवढ्या मोठ्या कामाला हात घालावा असे नाही, परंतु एखाद्या वृद्धाश्रमासाठी दहा-बारा जणींनी चौकोन विणून चादर जोडायची ठरवली, तर टाक्यांची संख्या ठरवून न देता चौकोनाचे माप ठरवून द्यावे, म्हणजे प्रत्येकीला आपल्या हाताच्या ताणाप्रमाणे टाके घालता येतील. धागा सर्वांनी एकाच जातीचा घ्यावा. सुती आणि लोकरी चौकोन शेजारी जोडले, तर पहिल्याच धुण्यात एक आटतो, दुसरा तसाच राहतो आणि चादर वाकडी होते. जिथे कपडे यंत्रात धुतले जातात तिथे शुद्ध लोकर देऊच नये, कारण गरम पाण्यात घुसळल्यावर ती आवळून जाड होते. अशा ठिकाणी ॲक्रिलिक किंवा सूत बरे.

वस्तू गटाबाहेर भेट म्हणून जाणार असेल तेव्हा तिच्यासोबत धाग्याची जात आणि धुण्याची रीत लिहिलेली चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीला त्याच गुंड्यातला दोन-तीन मीटर धागा गुंडाळून ठेवावा, म्हणजे पुढे एखादा टाका तुटला किंवा शिवण उसवली, तर ज्याच्या अंगावर ती वस्तू आहे त्याला ती त्याच रंगात सांधून घेता येईल.

नमस्कार.