भावाचा रकाना कोरा

(दृश्य : दारव्हा तालुका. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग.)

काट्यावर आधी भरलेली गाडी चढते, मग रिकामी. मधला फरक म्हणजे कापूस. पावती अजून हातानंच फाडतात. म्हणून गावातल्याच, बीसीए शिकणाऱ्या एका पोरीनं पीएचपी या प्रोग्रामिंगच्या भाषेत पावतीचा प्रोग्राम लिहायला घेतलाय.

(दृश्य : लॅपटॉपचा स्क्रीन, जवळून.)

'भाव.पीएचपी' या फाईलमध्ये आजचा भाव आणि त्याखाली 'पावती' हा क्लास, म्हणजे पावतीचा साचा. पीएचपीत व्हेरिएबलचं, म्हणजे माहिती ठेवायच्या डब्याचं, नाव देवनागरीतही चालतं. तिनं सरळ 'भाव'च ठेवलंय. मुख्य फाईलमध्ये दोन फंक्शन्स, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे : 'रक्कम_काढ' आणि 'पावती_छाप'. दोन्हींच्या आत पहिली ओळ एकच : इनक्लूड वन्स, भाव.पीएचपी. म्हणजे ही फाईल इथं आण, पण एकदाच.

रक्कम बरोबर निघाली. छापताना मात्र भावाचा रकाना कोरा, वर 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल'ची वॉर्निंग. पीएचपी 8 च्या आधी ही नुसती नोटीस असायची, कुणी ढुंकूनही पाहत नसे.

ती वैतागते, "भाव त लिहेल हाये ना फायलीत! मंग कोरा काऊन येते?"

लिहिलेला आहेच. पण फंक्शनच्या आत इनक्लूड केलं, की त्या फाईलमधली व्हेरिएबल्स त्या फंक्शनपुरतीच राहतात. 'रक्कम_काढ' संपलं, भावही गेला. आणि 'वन्स' म्हटल्यामुळे 'पावती_छाप'मध्ये ती फाईल पुन्हा चाललीच नाही. पीएचपीनं गुपचूप 'ट्रू', म्हणजे 'हो', परत केलं आणि पुढची ओळ धरली.

क्लासचं तसं नाही. फंक्शनच्या आतून आणलेला असला तरी 'पावती' सगळ्या प्रोग्रामचा झाला, म्हणून तो दोन्हीकडे बिनबोभाट चालतो. इनक्लूड म्हणजे मजकूर तिथं चिकटवणं, असं शिकवतात. ते इथं अर्धंच खरं ठरतं.

तिनं 'वन्स' खोडलं. आता फाईल दुसऱ्यांदा वाचताना प्रोग्रामच थांबवणारी फेटल एरर : या नावाचा क्लास आधीच आहे.

'ग्लोबल लिहा, म्हणजे भाव सगळ्या प्रोग्रामला खुला करा, आणि मोकळे व्हा' हा सल्ला कुणीही देतं. काम भागतंही. पण पुढे भाव कुठल्या फंक्शननं बदलला, हे हुडकत बसावं लागतं.

(दृश्य : ती फाईल दोन तुकड्यांत करते.)

क्लास वेगळ्या फाईलमध्ये गेला, मुख्य फाईलच्या अगदी वर, इनक्लूड वन्ससारख्याच रिक्वायर वन्सनं. 'भाव.पीएचपी'त उरला फक्त एक ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी, 'रिटर्न' केलेला. मुख्य फाईल तो एकदाच घेते आणि दोन्ही फंक्शन्सना कंसातून देते. ओलाव्याची कटती अजून जोडायचीय. तो आकडा त्याच ॲरेत, भावाखालच्या ओळीवर जाईल.