गेट म्हणजे रस्ता, बार म्हणजे वेस

(दृश्य : यॉर्कचा दगडी तट. मिकलगेट बारच्या कमानीखालून माणसांची ये-जा.)

उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कमध्ये नवखा माणूस पहिल्याच दिवशी फसतो. 'मिकलगेट' विचारत जावं, तर तिथं फाटक नाही, चांगला रुंद, उताराचा रस्ता आहे. फाटक आहे ते रस्त्याच्या टोकाला, आणि त्याचं नाव 'बार'. प्यायला बसायचं असेल तर पब शोधायचा. हा विनोद इथं प्रत्येक पाहुण्याला ऐकावा लागतो.

कारण जुनं आहे. इ. स. ८६६ मध्ये डेन लोकांच्या, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांच्या सैन्यानं हे शहर घेतलं. त्यांच्या नॉर्स भाषेत रस्त्याला म्हणत 'गाता'. इंग्रजांच्या तोंडी त्याचं गेट झालं. वेशीसाठी पुढं फ्रेंचमधून आलेला 'बार' रुळला. त्याचा मूळ अर्थ अडसर. 'मिकल' म्हणजे थोरला. मिकलगेट म्हणजे सरळसरळ थोरला रस्ता.

आता कॉपरगेट. कॉपर वाचून कुणालाही पुण्याची तांबट आळी आठवेल. पण तांब्याचा इथं काही संबंध नाही. नॉर्समध्ये लाकडी पेले, वाडगे कातणारा तो 'कोपारी'. म्हणजे ही निघते कातारी आळी.

(दृश्य : लाकडाचा शंकूसारखा तुकडा, अगदी जवळून. कातकामाच्या गोल रेघा दिसतात.)

१९७६ ते १९८१ या काळात या रस्त्यावर उत्खनन झालं. ओल्या, हवा न लागणाऱ्या मातीत लाकूड कुजलं नव्हतं. वाडगा कातताना मधोमध जो गाभा उरतो आणि शेवटी तोडून फेकतात, तसे गाभे इथं सापडले. रस्त्याचं नाव आणि जमिनीखालचा कचरा एकच धंदा सांगतात. असा पुरावा नेहमी मिळत नाही.

तिथून थोड्याच अंतरावर शॅम्बल्स नावाची गल्ली. इंग्रजीत खोलीभर पसारा झाला की तिला शॅम्बल्स म्हणतात. मुळात हा लॅटिनमधला छोटा बाक, 'स्कॅमेलुम'. जुन्या इंग्रजीनं तो उचलला. बाकाचा झाला मांस मांडायचा फळा, फळ्याचा खाटिकबाजार, पुढं कत्तलखाना, मग रक्तपात. पसारा हा अर्थ त्यामानानं कालपरवाचा, विसाव्या शतकातला. गल्लीतून जाताना दुकानांच्या खिडक्यांखाली बघा. काही ठिकाणी मांस मांडायच्या रुंद फळ्या अजून शाबूत आहेत.

आणि त्या खिडकीचा शब्दही डेन लोकांचाच. 'विंडो' म्हणजे नॉर्स 'विंदाउगा', वाऱ्याचा डोळा. मराठी कानाला हे ओळखीचं वाटायला हवं. संस्कृतातल्या खिडकीच्या दोन शब्दांपैकी वातायनात वारा आहे, गवाक्षात डोळा. नॉर्सनं दोन्ही एकाच शब्दात बसवले. वात आणि विंद, अक्षि आणि आउगा या जोड्या मुळात एकाच घरच्या.

शहराचं नावही असंच तोंडातोंडी बदलत आलं. रोमनांनी इ. स. ७१ मध्ये इथं छावणी घातली आणि आधीच्या रहिवाशांच्या केल्टिक भाषेतल्या नावाचं केलं एबोराकुम. मग इंग्रजांचे पूर्वज, अँग्लो-सॅक्सन आले. त्यांना 'एबुर'चा अर्थ लागेना, म्हणून त्यांनी त्यात आपला 'एओफोर', म्हणजे रानडुक्कर, ऐकला आणि गाव झालं एओफोरविक. डेन लोकांनी त्याचं योर्विक केलं, पुढं आखडून यॉर्क. डुक्कर फक्त मधल्या मुक्कामात होतं.

गावांची नावं वाचायला निघणाऱ्यानं हाच धोका ओळखून निघावं. आजचं नाव हा पुरावा नव्हे. हाती ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचा नारिंगी मुखपृष्ठाचा एक्सप्लोरर नकाशा असावा. प्रमाण १ : २५,०००, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. त्यात ओढे, टेकाडं, एकटी शेतघरं, सगळं नावानिशी असतं. नाव शेपटाकडून सोडवायचं. 'टन' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, 'ली' म्हणजे जंगलातली मोकळी जागा, ही इंग्रजी. 'थ्वेट' म्हणजे झाडं तोडून केलेलं रान, 'थॉर्प' म्हणजे मूळ गावाची वाडी, ही नॉर्स. मग सर्वांत जुनं लेखन शोधायचं. नॉटिंगहॅम विद्यापीठानं इंग्लंडच्या गावनावांचा कोश इंटरनेटवर फुकट ठेवला आहे.

बहुतेक गावं पहिल्यांदा भेटतात ती १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजानं करवलेल्या गावं-जमिनींच्या नोंदवहीत. पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. लिहिणारे नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडून आलेल्या नव्या राज्यकर्त्यांच्या पद्धतीचे कारकून. 'थ' त्यांच्या लिहिण्यात बसेना, म्हणून बऱ्याचदा नुसता 'ट' पडतो. शिवाय लंडन आणि उत्तरेचा बराच मुलूख त्या नोंदीत नाहीच. दोन-तीन जुनी लेखनं जुळली तरच अर्थ पक्का धरावा. 'हॅम' तर दोन आहेत, एक घर आणि एक नदीच्या वळणातलं कुरण. तिथं प्रत्यक्ष जाऊन नदी वळते का ते बघण्याला पर्याय नाही.

रग्बी या गावाचंच घ्या. शेवटी 'बी' आहे, म्हणजे डेन गाव, असं कुणीही म्हणेल. डूम्सडेत ते रोचेबेरी आहे. मूळ शेपूट इंग्रजी, तटबंदीचं. शेजारपाजारच्या बी-गावांच्या वळणावर गेलं आणि बी होऊन बसलं.

(दृश्य : बस यॉर्क सोडून ईशान्येला व्हिटबीकडे. पुढं जांभळट माळरान.)

वाटेत थॉर्नटन-ल-डेल लागतं. थॉर्न म्हणजे काटेरी झाड, टन म्हणजे वस्ती, थोडक्यात बाभुळगाव. शेवटचं डेल म्हणजे दरी. आणि मधला 'ल' फ्रेंच. एकाच पाटीवर दोन राजवटी. थॉर्नटन नावाची गावं ढीगभर, म्हणून ओळखीला दरी जोडावी लागली. आपल्याकडे त्याच अडचणीवर फारसीतून बुद्रुक आणि खुर्द आले, लेस्टरशरमध्ये लॅटिनमधून मॅग्ना आणि पार्वा.

माळरानावरच्या गोथलंडमध्ये बोकड शोधू नका. जुन्या नोंदीत ते गोडेलांडिया आहे. एक तर 'चांगली जमीन', नाही तर गोडा नावाच्या माणसाची.

इथून पुढं बी-गावांची दाटी. 'बी' म्हणजे शेतवाडी, गाव. इंग्लंडात अशी सहाशेहून अधिक नावं आहेत, आणि ती जवळजवळ सगळी डेन लोकांच्या मुलखात. डॅनबी म्हणजे डेन लोकांचं गाव. मुलूखच त्यांचा, मग नाव वेगळं का पडावं? कारण नाव गावातले ठेवत नाहीत, शेजारचे ठेवतात. त्या कोपऱ्यात डेन उठून दिसत असणार. उलट इंगलबी म्हणजे इंग्रजांचं गाव. तिथं इंग्रज वेगळे पडले होते. व्हिटबीच्या अलीकडचं उगलबार्नबी तर एका टोपणनावावर उभं आहे. 'उगलुबार्दी', म्हणजे घुबडदाढ्या. त्या माणसाबद्दल नावाशिवाय काही उरलेलं नाही, पण दाढीची कल्पना येते.

हाच 'बी' पुण्या-मुंबईच्या प्रत्येक सोसायटीच्या कपाटात आहे. बायलॉ म्हणजे उपविधी, हे भाषांतर सोयीचं. शब्दाचं मूळ मात्र कोशकार गावाच्या कायद्याकडे नेतात.

उतरण्याआधी एक सावधगिरी. बसमध्ये व्हिटबीजवळच्या रस्वार्प गावाचं तिकीट मागू नका, लोक त्याला 'रसप' म्हणतात.

(दृश्य : व्हिटबीचं बंदर. कड्यावर मठाचे भग्न अवशेष.)

व्हिटबी हे या गावाचं पहिलं नाव नाही. ६६४ ची प्रसिद्ध ख्रिस्ती धर्मसभा इथं भरली तेव्हा गाव होतं स्ट्रेओनेशाल्ख. डेन आले आणि ते नाव पुसलं गेलं.

खाली समुद्राला मिळते ती एस्क. तिचं नाव केल्टिक, या सगळ्यांच्या आधीचं. एक्स आणि अस्क या नद्या त्याच नावाच्या बहिणी. गावं बदलली, नद्यांची नावं टिकली. नवा आलेला माणूस नदीकाठी उभा राहून विचारतो, हे काय? जुना सांगतो, 'एव्हन', म्हणजे नदी. नवा तेच विशेषनाम समजून टिपून घेतो. म्हणून इंग्लंडात आज एकाहून अधिक 'रिव्हर एव्हन' वाहताहेत. नदी नदी. आपला पिवळा पितांबर.