किती ओळी आल्या?

श्रोतेहो, आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. डेटाबेसला प्रश्न विचारला, उत्तरादाखल काही ओळी आल्या. त्या किती, एवढेच तर सांगायचे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच असल्याने समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ही क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा हा प्रश्न, परीक्षेत लिहिली असेल आणि तिचे गुणही मिळवले असतील. मीही मिळवले होते. तरीसुद्धा खानापूर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा नेमका मोजण्यातच चुकलो, आणि तेही एकदा नव्हे. आज त्या चुकांच्या आधारानेच बोलणार आहे.

संस्थेचे ३०० सभासद. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाने दूध घातले असे धरले, तर दिवसाच्या ६०० नोंदी होतात आणि वर्षाच्या २,१९,०००. एकेका नोंदीत सभासद क्रमांक, तारीख, सत्र, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक), दर आणि रक्कम. वर्षात एकूण किती नोंदी झाल्या, हे सांगण्यासाठी मी त्या सगळ्या ओळी मागवून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका ॲरेत, म्हणजे यादीत, भरल्या आणि मग त्या ॲरेची लांबी विचारली. महिन्याच्या अहवालाला हे चालून गेले. वर्षाचा अहवाल काढायला बसलो तेव्हा पीएचपीची मेमरीची १२८ मेगाबाइटांची मूळ मर्यादा संपली आणि पडद्यावर अहवालाऐवजी चूक झाल्याचा संदेश आला. किती कॅन भरले एवढेच सांगायचे असताना सगळे कॅन स्वतःच्या अंगणात उतरवून घेण्याचा हा उद्योग होता. मोजणी जिथे माल आहे तिथेच करावी, म्हणजे डेटाबेसला ‘सिलेक्ट काउंट स्टार’ असे विचारावे. तो सगळ्या ओळी न पाठवता एकच आकडा पाठवतो.

त्यातही नवशिक्याची एक हमखास फसगत होते. काउंटची क्वेरी लिहायची आणि मग सवयीने तिच्याच उत्तरात किती ओळी आल्या हे तपासायचे. उत्तर नेहमी १ येते, कारण आकडा त्या एका ओळीच्या आत बसलेला असतो. टेबल रिकामे असले तरी १ येते.

ओळी हव्याच असतील आणि त्यांची संख्याही हवी असेल, तर प्रश्न थोडा वेगळा होतो. पायथन भाषेत क्वेरी चालवून ओळी आणणाऱ्या कर्सरला ‘रोकाउंट’ नावाचा गुणधर्म असतो आणि नावावरून वाटते की काम झाले. पण एसक्यूलाइट या डेटाबेसवर सिलेक्ट, म्हणजे ओळी मागवणारी क्वेरी, चालवून तो वाचला, तर उणे एक मिळतो. अनेकांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नाही. एसक्यूलाइट उत्तराच्या ओळी आधी तयार करून ठेवत नाही. तुम्ही पुढची ओळ मागाल तेव्हा ती शोधून देतो. शेवटची ओळ दिल्याशिवाय एकूण किती, हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, आणि पायथनच्या डेटाबेस-संकेतांत ‘सांगता येत नाही’ यासाठी उणे एक हा आकडा ठरलेला आहे. पीएचपीच्या पीडीओमध्येही, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या तिच्या भागातही, ‘रोकाउंट’ची खात्री बदललेल्या किंवा पुसलेल्या ओळींपुरतीच आहे, सिलेक्टसाठी तो काही डेटाबेसांवर बरोबर आकडा देतो, पण सगळ्यांवर देईलच असे नाही. जावा भाषेत क्वेरीचे उत्तर धरणाऱ्या रिझल्टसेटने तर संख्या सांगणारी पद्धतच ठेवलेली नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. खोटा आकडा देण्यापेक्षा न दिलेला बरा.

आता ज्या चुकीने मला खरे शिकवले तिच्याकडे येतो. प्रत्येक सभासदाने महिन्यात किती वेळा दूध घातले, याची यादी हवी होती. एकही सभासद गळू नये म्हणून मी सभासदांचे टेबल डावीकडे ठेवून नोंदींच्या टेबलाशी लेफ्ट जॉइन केला, सभासदवार गट पाडले आणि काउंट स्टार लावला. यादी छापून संस्थेच्या भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी हातात रिकामी किटली घेऊन आल्या आणि मला विचारू लागल्या, “माझी म्हस दोन महिने आटलीया की, मग ही एक खेप कुणाची रे?”

मी यादी पाहिली. त्यांच्या नावापुढे खरोखरच १ होता. ज्यांच्या म्हशी भाकड होत्या त्या सगळ्यांच्या नावापुढे १ होता; शून्य कुठेच नव्हते. झाले होते असे, की लेफ्ट जॉइनला उजवीकडे जोडी सापडली नाही, तरी तो डावीकडची ओळ टाकून देत नाही. तिच्यापुढे रिकाम्या, म्हणजे ‘नल’ जागा ठेवून ती पुढे पाठवतो. काउंट स्टार ओळी मोजतो, ओळीत काय आहे ते पाहत नाही. त्या रिकाम्या ओळीचीच त्याने एक खेप केली. स्टारच्या जागी नोंदींच्या टेबलातला नोंद क्रमांक लिहिला आणि शून्ये जागेवर आली, कारण कॉलमचे नाव दिले की काउंट ‘नल’ वगळून मोजतो.

हाच गुण दुसऱ्या दिवशी उलटला. एकूण खेपा मोजताना मी ‘फॅट’ हा कॉलम दिला आणि आकडा कमी भरू लागला. वीज गेलेल्या दिवशी फॅट काढता आली नव्हती, तेथे जागा कोरी होती. दूध मात्र आलेले होते. त्यामुळे कंसात काय लिहायचे ही व्याकरणाची बाब नाही. आपण खेप मोजतो आहोत की फॅट काढलेली खेप, हे आधी ठरवावे लागते.

वेगवेगळी गावे किती, हे ‘डिस्टिंक्ट’ लावून मोजताना तर आपल्या भागाचा इतिहासच आडवा येतो. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. नोंदींत दोन्ही आहेत, अनुस्वार दिलेले बेळगांवही आहे, आणि कन्नड लिपीतले वेगळेच. यळ्ळूर आणि येळ्ळूर एकच गाव आहे हे तुम्हाआम्हाला कळते. डेटाबेसला अक्षरे दिसतात, गाव दिसत नाही. गावांना क्रमांक देऊन तो क्रमांक मोजणे हाच त्यावर उपाय.

आज सकाळच्या सत्राची एखादी तरी नोंद झाली आहे का, एवढेच हवे असेल तर मोजूच नये. ‘एक्झिस्ट्स’ वापरावे, पहिली ओळ सापडताच ते थांबते.

मोठ्या टेबलावर काउंट स्टारला वेळ का लागतो, हेही मुले विचारतात. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम रचनेत टेबलाची एकूण संख्या तयार लिहून ठेवलेली असे, म्हणून उत्तर तत्काळ मिळे. मायएसक्यूएलची आताची इनोडीबी रचना आणि पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस तसे करू शकत नाहीत. एकाच क्षणी दोघे जण काम करत असतील, तर एकाची अर्धवट नोंद दुसऱ्याला दिसता कामा नये. म्हणजे त्या क्षणी प्रत्येकाची संख्या वेगळी असू शकते, मग कोणती लिहून ठेवायची? ते दर वेळी मोजतात. केवळ अंदाज चालणार असेल, तर पोस्टग्रेसच्या पीजी-क्लास या टेबलात ‘रेलटपल्स’ नावाचा आकडा असतो. पण तो शेवटच्या व्हॅक्यूम (साफसफाई) किंवा ॲनालाइझ (पाहणी) या कामांच्या वेळचा असतो, बिलाला वापरू नये.

शेवटची अडचण संध्याकाळच्या सत्रातली. एका क्वेरीने संख्या काढली, १४३. दुसरीने यादी मागवली, त्यात १४५ ओळी. मधल्या वेळात दोघांचे दूध मापून झाले होते. दोन्ही क्वेऱ्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या कामात, ठेवल्या तर इनोडीबी मुळातच दोन्ही वेळा एकच चित्र दाखवतो. पोस्टग्रेसला मात्र ‘रिपीटेबल रीड’, म्हणजे दर वेळी तेच चित्र, हवे, असे ट्रान्झॅक्शन सुरू करतानाच सांगावे लागते.