समनर काउंटीचा गहू आणि भावफरकाची रक्कम

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, ओक्लाहोमाच्या सीमेला लागून समनर नावाची काउंटी आहे; आपल्याकडचा जिल्हाच म्हणा. तेथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला गहू हिवाळाभर शेतात राहतो आणि जूनमध्ये कापणीला येतो. तेथील शेतकऱ्याला सरकार पैसे देते हे आपण ऐकून असतो, परंतु ते नेमके कशाबद्दल देते, हे फारसे कोणी सांगत नाही.

२००२ च्या कायद्यानुसार बाजारभाव चढा असो वा पडलेला, गव्हाच्या प्रत्येक बुशेलमागे, म्हणजे सुमारे २७ किलोंमागे, ५२ सेंट ठरलेलेच असत. भाव तेजीत असतानाही पैसे वाटले जातात, अशी टीका वाढली आणि २०१४ च्या कायद्याने ही पद्धत बंद करून शेतकऱ्यापुढे दोन पर्याय ठेवले : एक काउंटीच्या सरासरी उत्पन्नावर आधारलेला, दुसरा भावफरकाचा. भावफरकासाठी गव्हाचा आधारभाव बुशेलला साडेपाच डॉलर, म्हणजे क्विंटलला सुमारे २० डॉलर ठरला. वर्षभराचा देशपातळीवरील सरासरी भाव त्याखाली गेला, तर मधला फरक सरकार भरून देते. आपल्या हमीभावाप्रमाणे येथे सरकार गहू खरेदी करत नाही. शेतकरी तो बाजारातच विकतो.

मात्र हा फरक प्रत्यक्ष पिकलेल्या गव्हावर मोजला जात नाही. कागदोपत्री नोंदलेल्या जुन्या गहू-क्षेत्राचे ८५ टक्के आणि त्या जमिनीचा नोंदलेला उतारा, एवढाच हिशेब धरतात. समजा, एखाद्याच्या नावावर असे ४०० एकर आहेत आणि नोंदीतला उतारा एकरी ३५ बुशेल आहे. २०१६ च्या पिकाचा सरासरी भाव ३ डॉलर ८९ सेंट निघाला, म्हणजे फरक १ डॉलर ६१ सेंटचा. वजावटी सोडल्या तर त्याची रक्कम १९ हजार डॉलरांच्या वर जाते. त्या हंगामात त्याने तेथे गव्हाऐवजी सोयाबीन घेतले असते, तरीही ती तेवढीच राहिली असती.

त्याच २०१६ मध्ये कॅन्ससला एकरी ५७ बुशेल, असा विक्रमी उतारा मिळाला होता. गहू उदंड झाला, भाव कोसळले आणि भावफरक मिळाला. याउलट २०२३ मध्ये दुष्काळाने गहू इतका खुरटला की अनेकांनी कापणीच केली नाही. राज्याचे उत्पादन २०१६ च्या निम्म्याहूनही खाली आले. पण भाव सात डॉलरच्या आसपास असल्यामुळे भावफरकाचा पर्याय घेतलेल्यांना गव्हापोटी काहीच मिळाले नाही. त्यांना आधार होता तो पीकविम्याचा, ज्याच्या हप्त्याचा मोठा वाटा सरकार उचलते. माझ्या मते शेतकऱ्याच्या खऱ्या संकटात या भावफरकापेक्षा विमाच अधिक उपयोगी पडतो, आणि तरीही राजकीय चर्चा आधारभावाभोवतीच फिरत राहते.

रक्कम कोणाच्या हाती पडते, हाही प्रश्न आहेच. कोरडवाहू गव्हाच्या या पट्ट्यात जमीन वाट्याने कसण्याची जुनी रीत आहे : एक तृतीयांश मालकाचा, दोन तृतीयांश कसणाऱ्याचा. अशा करारात सरकारी रक्कमही वाटली जाते. रोख खंडाने घेतलेल्या जमिनीची रक्कम कसणाऱ्याला मिळते खरी, पण पुढच्या करारात मालक खंड वाढवून मागतो, आणि मदतीचा काही भाग गुपचूप जमिनीच्या किमतीत मुरतो. (आपल्याकडच्या कूळ-मालकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.)

भावफरक पिकाच्या वर्षी मिळत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. गव्हाचे बाजारवर्ष पुढच्या मे महिन्यात संपते, मग सरासरी ठरते आणि पैसे ऑक्टोबरपासून येतात. तोवर बियाणे, खत आणि डिझेल बँकेच्या कर्जावरच चालते. जुलै २०२५ च्या कायद्याने गव्हाचा आधारभाव ६ डॉलर ३५ सेंटवर नेला, परंतु त्या वर्षीच्या पिकाची रक्कमही शेतकऱ्याला ऑक्टोबर २०२६ च्या आधी मिळणार नाही.